वाचकांचे प्रश्न : स्वतःच स्वतःवर घातलेली बंदी

प्रश्न : माझा मुलगा शिक्षणासाठी लीड्सला गेला आणि आता तेथेच नोकरी करतो. ऑनलाइन सट्ट्यात आपण बरेच पैसे घालवले, हे त्याने दिवाळीत फोनवर सांगितले. ‘गॅमस्टॉप’ या स्वतःवर जुगारबंदी घालून घेण्याच्या ब्रिटनमधील ऑनलाइन सेवेत नाव नोंदवले की कोणतीही कंपनी आपल्याला खेळू देणार नाही, असे तो म्हणतो, मुदत मात्र सहा महिन्यांचीच घेणार आहे. ही नोंदणी खरोखर उपयोगी पडते का? त्याच्या वतीने मी पुण्यातून ती करू शकते का? (एक आई, कोथरूड)

उत्तर : दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर आधी देतो. आपल्याला ती करता येणार नाही, कारण तेथे ज्याचे त्यानेच नाव नोंदवायचे असते. सिंगापूरमध्ये कॅसिनोंच्या बाबतीत कुटुंबीयांनी अर्ज करून बंदी मागण्याची सोय आहे. ब्रिटनमधील ही व्यवस्था तशी नाही.

नोंदणी उपयोगी पडते, पण तिच्या मर्यादा आपल्या मुलाने आजच समजून घ्याव्यात. ही सेवा विनामूल्य आहे आणि ब्रिटनच्या गॅम्बलिंग कमिशनचा परवाना असलेल्या प्रत्येक ऑनलाइन कंपनीला ३१ मार्च २०२० पासून तिच्यात सामील होणे सक्तीचे आहे. सहा महिने, एक वर्ष किंवा पाच वर्षे यांपैकी मुदत निवडता येते, आणि एकदा निवडली की ती संपेपर्यंत रडूनभेकूनही बंदी उठत नाही. मुदत संपल्यावरही बंदी आपोआप जात नाही. त्याने स्वतः संपर्क साधून ती काढून मागावी लागते आणि मागितल्यावर पुन्हा २४ तास थांबावे लागते. हे २४ तास मला या साऱ्या रचनेत फार महत्त्वाचे वाटतात, कारण खेळण्याची ऊर्मी बहुधा लाटेसारखी येते आणि थोडा वेळ अडवून धरली तर ओसरते. द्यूतात गमावलेले सर्व परत मिळाल्यावर धर्मराज घरच्या वाटेला लागला होता. वाटेतून पुन्हा बोलावणे आले आणि तो पुन्हा फाशांपुढे बसला. असे दुसरे बोलावणे येते, तेव्हा दार आधीच लावलेले असावे, एवढ्यासाठी ही नोंदणी असते. म्हणूनच मी सहा महिन्यांऐवजी पाच वर्षांची मुदत सुचवीन.

आता पळवाटांविषयी. नाव, जन्मतारीख, ईमेल, मोबाइल क्रमांक आणि पत्त्याचा पोस्टकोड यांच्या आधारे माणूस ओळखला जातो. म्हणून घर किंवा क्रमांक बदलला तर तेथे कळवावे लागते, आणि पूर्वी वापरलेले सर्व ईमेलही द्यावेत. रस्त्यावरची सट्ट्याची दुकाने आणि कॅसिनो या नोंदणीत येत नाहीत, त्यांच्यासाठी वेगळ्या योजना आहेत. परवाना नसलेली परदेशी संकेतस्थळे तर ‘आमच्याकडे ही बंदी चालत नाही’ अशी जाहिरातच करतात, आणि ती जाहिरात नेमकी कोणासाठी असते हे सांगायला नको. म्हणून बँकेचे कुलूपही लावावे. तेथील अनेक बँका कार्डावरून जुगाराला पैसे जाणे बंद करून देतात, आणि काही बँकांत ते कुलूप काढायला सांगितल्यावरही ४८ तास थांबावे लागते. तेथील जुगारविषयक हेल्पलाइनचा क्रमांक ०८०८ ८०२० १३३ असा असून ती विनामूल्य आणि चोवीस तास सुरू असते.

प्रश्न : मी ३४ वर्षांचा असून मगरपट्ट्यात नोकरी करतो. आयपीएलच्या काळात मित्राच्या ओळखीने व्हॉट्सॲपवरून ‘आयडी’ (सट्टा लावण्याचे ऑनलाइन खाते) घेतला आणि आता बँकेचे कर्ज आणि बुकीची उधारी दोन्ही झाली आहेत. पत्नीला अर्धेच माहीत आहे. तीनदा सर्व काढून टाकले, पण पुन्हा आयडी मिळतो. आपल्याकडे अशी नोंदणी आहे का? उपचारासाठी गेलो तर मीच अडकेन का? (एक वाचक, हडपसर)

उत्तर : आपल्याकडे अशी राष्ट्रीय नोंदणी नाही, आणि त्याचे कारण सरळ आहे. नाव वगळायला सांगायचे तर समोर परवाना घेतलेली, उत्तरदायी कंपनी असावी लागते. रमी आणि फॅन्टसी क्रिकेट चालवणाऱ्या काही कंपन्या पूर्वी आपापल्या ॲपपुरती खाते गोठवण्याची सोय देत असत. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदी घालणारा कायदा मंजूर केला आणि मोठ्या कंपन्यांनी ते खेळ थांबवले. तुम्हाला आयडी देणारा माणूस मात्र तेव्हाही कोणत्याच नियमात नव्हता. त्याला ‘मला पुन्हा आयडी देऊ नका’ असे सांगणे म्हणजे त्याच्या विक्रीच्या यादीत आपले नाव ताजे करण्यासारखे आहे. या कायद्यात शिक्षा खेळ चालवणाऱ्याला व त्याची जाहिरात करणाऱ्याला आहे, खेळणाऱ्याला नाही; त्यामुळे डॉक्टरकडे जाण्याची भीती बाळगू नका.

तेव्हा बंदी खेळावर घालता येत नसेल तर पैशांवर घालावी लागेल. पगाराचे खाते पत्नीसह संयुक्त करून ते दोघांच्याही सहीनेच चालेल, असे बँकेला लेखी द्या. अशा खात्याला साधारणपणे यूपीआय जोडता येत नाही, आणि मी हा उपाय सुचवतो तो याच अडचणीसाठी. रोजच्या खर्चापुरते वेगळे खाते ठेवून त्याची यूपीआय मर्यादा अगदी कमी करा. क्रेडिट कार्ड परत करा. मोबाइल क्रमांक बदलायचा असेल तर आधी बँकेत नवा क्रमांक नोंदवा, नाहीतर नको तेथे अडचण होईल. बुकीच्या उधारीचे म्हणाल तर करार कायद्याच्या कलम ३० नुसार पैजेचे पैसे न्यायालयात वसूल करता येत नाहीत. धमक्या आल्या तर पोलिसांकडे जावे. बँकेचे कर्ज अर्थातच फेडावे लागते.

पत्नीला अर्धेच माहीत असेल तर वरचे काहीही टिकणार नाही. दुसरी सही तिची आहे, आणि कर्जाचा खरा आकडा माहीत नसताना तिने ती कशाच्या भरवशावर करावी? जुगाराच्या आजाराला जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या वर्गीकरणात व्यसनांच्या गटात स्थान आहे, त्यामुळे मनोविकारतज्ज्ञाला यात नवल वाटणार नाही. ससूनमध्ये मनोविकार विभाग आहे. ‘टेलिमानस’ या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ या विनामूल्य क्रमांकावर मराठीतही बोलता येते. पहिल्या भेटीला पत्नीला बरोबर न्या आणि बँकेचे गेल्या वर्षभराचे खातेउतारे सोबत ठेवा. तोंडी आकडा सांगताना तो नेहमी कमीच सांगितला जातो.