गॅस कटरची पहिली खरेदी

प्रश्न : उसाच्या ट्रॉलीच्या दुरुस्तीचं छोटं वर्कशॉप काढतोय. गॅस कटर कोणता घ्यावा? वेल्डिंगही त्यानंच होईल का?
– एक वाचक, निपाणी

उत्तर : कटर ‘नोझल मिक्स’ घ्या. यात ऑक्सिजन आणि जळणारा गॅस (अॅसिटिलीन किंवा एलपीजी) नोझलमध्येच, म्हणजे टोकाच्या तोटीतच मिसळतात, त्यामुळे आग उलट आत शिरण्याचा धोका कमी. बेळगावात उद्यमबागेकडे घ्यायला गेलात तर नोझल काढून कटरच्या डोक्यात ती बसते ती बैठक पाहा. तिथे ओरखडा असेल तर कटर परत करा, गळती तिथूनच होते.

अॅसिटिलीनला एएनएम (अॅसिटिलीन नोझल मिक्स) नोझल, एलपीजीला पीएनएम (प्रोपेन नोझल मिक्स). अदलाबदल चालत नाही. ६ ते १२ मिमी पत्र्याला ३/६४ इंची नोझल, ऑक्सिजनचा दाब साधारण २ किलो (दर चौरस सेंटिमीटरला). नळीतल्या अॅसिटिलीनचा दाब १ किलोच्या वर कधीही नको, दाबाखाली ते आपोआप फुटतं.

वेल्डिंगला ब्लोपाइप (ज्योतीची हातनळी) वेगळा, आणि लोखंडासाठी अॅसिटिलीनच हवं. एलपीजीवर सांधा ठिसूळ होतो.

कटर थोडा स्वस्त चालेल, पण दोन्ही नळ्यांना फ्लॅशबॅक अरेस्टर (उलट येणारी आग अडवणारा भाग) हवाच. ऑक्सिजनच्या जोडणीला तेल-ग्रीस अजिबात लावू नका, भडका उडतो. गळती साबणाच्या पाण्यानं तपासा.