ब्रुशेटा की ब्रुस्केत्ता?

एका वाचक भगिनींचा प्रश्न आला आहे. दिवाळीनंतरच्या रविवारी त्यांच्याकडे दहा-बारा पाहुणे जेवायला येणार आहेत, आणि जेवणाआधी भाजलेल्या पावावर टोमॅटो घालून देतात तो इटालियन पदार्थ करण्याचा त्यांचा बेत आहे. लेक त्याला ‘ब्रुशेटा’ म्हणते, जावई ‘ब्रुस्केटा’ म्हणतात, आणि एका हॉटेलात तशाच दिसणाऱ्या पदार्थाचे नाव ‘क्रोस्टिनी’ असे लिहिलेले त्यांनी पाहिले. यातले बरोबर काय, हे पदार्थ दोन की एकच, आणि सरळ ‘टोस्ट’ म्हटले तर काय बिघडले, असे त्या विचारतात.

उच्चाराच्या वादात मी जावयांच्या बाजूने आहे, मात्र त्यांच्या ‘ट’ला माझी हरकत आहे. इटालियन लेखनात ‘सी’ या अक्षरापुढे ‘ई’ किंवा ‘आय’ आले की त्याचा ‘च’ होतो. चाओ, चेलो आणि चाबात्ता हा पाव ही त्याची आपल्या ओळखीची उदाहरणे. तिथे ‘क’च हवा असेल तर मध्ये ‘एच’ घालतात. हा ‘एच’ स्वतः उच्चारला जात नाही, ‘क’चा ‘च’ होऊ नये एवढ्यापुरता तो पहाऱ्याला उभा असतो. भाजीवाल्याकडे आपण ‘झुकिनी’ मागतो आणि शिल्पकाराला ‘मायकेलअँजेलो’ म्हणतो, तेव्हा हाच पहारेकरी आपण नकळत मानलेला असतो. ‘एस’ आणि ‘सी’ जोडून आले आणि पुढे ‘ई’ असली तर ‘श’ होतो, जसा मासा या अर्थाच्या ‘पेशे’ या शब्दात होतो. आपल्या शब्दात मात्र ‘सी’ आणि ‘ई’ यांच्या मध्ये ‘एच’ आहे, त्यामुळे ‘स्के’ हाच उच्चार ठरतो. ‘ब्रुशेटा’ हे रूप आपल्याकडे इंग्रजी वाचनातून आले, कारण जर्मन शब्दांच्या सवयीने इंग्रजीत ती तीन अक्षरे एकत्र दिसली की अनेकांच्या तोंडी ‘श’ येतो.

आता ‘ट’विषयी. इंग्रजांचा ‘टी’ आपल्या कानाला ‘ट’ वाटतो म्हणून आपण टेबल, टाय, टॉवेल असे लिहू लागलो, आणि मग रोमन लिपीतला प्रत्येक ‘टी’ त्याच साच्यात ओतू लागलो. इटालियन ‘टी’ मात्र जिभेचे टोक दातांना लावून म्हणतात, म्हणजे तो आपला शुद्ध ‘त’ आहे. शिवाय या शब्दात तो दोनदा लिहिला आहे आणि ते द्वित्त शोभेचे नाही. इटालियनमध्ये ‘नोनो’ म्हणजे नववा आणि ‘नोन्नो’ म्हणजे आजोबा. आपल्याकडे ‘हला’ आणि ‘हल्ला’ यांत जेवढे अंतर आहे तेवढेच तिथे आहे. म्हणून देवनागरीत ‘ब्रुस्केत्ता’ असे लिहावे आणि आघात ‘स्के’वर द्यावा. रोमन लिपीत इंग्रजी वाचकाला जे नेमके दाखवता येत नाही ते आपल्या लिपीत सहज दाखवता येते, तर ती संधी का सोडावी?

खरी गंमत मात्र अर्थात आहे. मध्य इटलीत, विशेषतः रोमच्या बोलीत, ‘ब्रुस्कारे’ असे क्रियापद आहे आणि त्याचा अर्थ निखाऱ्यांवर भाजणे असा आहे. त्याला लघुत्व दाखवणारा ‘एत्ता’ हा प्रत्यय लागून नाम तयार झाले. डब्याची डबी आणि सुऱ्याची सुरी करताना आपण जे करतो त्याच जातीचा हा प्रत्यय आहे. म्हणजे हे नाव पडले ते पावाच्या भाजण्यावरून. टोमॅटोचा त्यात मागमूस नाही. खुद्द टोमॅटो युरोपात सोळाव्या शतकात अमेरिका खंडातून आला आणि इटलीच्या रोजच्या ताटात रुळायला त्याला पुढे बराच काळ लागला. शिळा होत आलेला पाव निखाऱ्यावर धरावा, लसूण घासावी, तेल आणि मीठ घालावे, एवढ्यावर ब्रुस्केत्ता पुरा होतो. टोमॅटो घातला तर तो टोमॅटोचा ब्रुस्केत्ता. अमेरिकेत मात्र चिरलेल्या टोमॅटोचे मिश्रणच बरणीत भरून ‘ब्रुस्केत्ता’ या नावाने विकले जाते. आपल्याकडे ‘भाजणी’ हा शब्द अगदी असाच ‘भाजणे’ या क्रियेवरून आला आहे. थालीपिठावर ठेवलेल्या लोण्याच्या गोळ्याला उद्या कोणी ‘भाजणी’ म्हणू लागले तर आपल्याला जसे वाटेल, तसेच रोमच्या माणसाला ती बरणी पाहून वाटत असणार.

रोमच्या उत्तरेला तोस्कानात याच पदार्थाला ‘फेत्तुन्ता’ म्हणतात. फेत्ता म्हणजे काप आणि उन्ता म्हणजे तेलाने माखलेली. तिथे नोव्हेंबरच्या सुमारास ऑलिव्हचे नवे तेल घाण्यावरून येते, हिरवट आणि घशाला किंचित झोंबणारे, आणि त्याची चव पाहायची ती गरम भाजलेल्या पावावर ओतूनच. पाव तिथला पारंपरिक, म्हणजे बिनमिठाचा असतो, त्यामुळे तेलाच्या चवीच्या आड काही येत नाही. शब्दांच्या नादी लागलेल्या माणसाला इथे थांबल्यावाचून राहवत नाही, कारण ‘उन्ता’ ज्या लॅटिन क्रियापदातून आला ते आणि संस्कृतातला माखणे या अर्थाचा ‘अञ्ज्’ हा धातू एकाच मुळाचे आहेत. अंजन त्यातून आले आणि अभ्यंगही त्यातूनच आले. दिवाळीच्या पहाटे आपण अंगाला तेल चोळतो आणि त्याच सुमारास तोस्कानातली माणसे पावाला तेल माखतात. ऋतू जुळला हा योगायोग, पण शब्दांचे नाते खरे आहे.

क्रोस्तीनी हा निराळा पदार्थ आहे, हॉटेलवाले दोन्ही नावे एकमेकांच्या जागी वापरत असले तरी. ‘क्रोस्ता’ म्हणजे पावाची कडक साल, लॅटिन ‘क्रुस्ता’पासून आलेली, तिचे लघुरूप क्रोस्तीनो आणि त्याचे अनेकवचन क्रोस्तीनी. सुपात टाकायच्या पावाच्या कुरकुरीत तुकड्यांनाही इटलीत हाच शब्द लावतात, आणि फ्रेंचमधून आपल्याकडे आलेला ‘क्रुतों’ त्याच लॅटिन शब्दाचा नातू आहे. ब्रुस्केत्ता हा गावरान, जाड, भोकाभोकांच्या पावाचा मोठा काप असतो आणि तो खाताना तेल बोटांवर आले तर कोणी वाईट मानत नाही. क्रोस्तीनी पातळ, लहान, दोन घासांत संपणारे असतात आणि त्यांवर बहुधा काहीतरी वाटलेले लावतात. तोस्कानात कोंबडीच्या काळजाचे वाटण लावलेले क्रोस्तीनी सणाच्या जेवणात हमखास असतात. म्हणून नाव घालण्याआधी हातातला काप पाहावा. लांबट पावाच्या बोटभर रुंद चकत्या असतील तर क्रोस्तीनी म्हणावे, तळहाताएवढा काप असेल तर ब्रुस्केत्ता.

अनेकवचनाचा मुद्दा आपण विचारलेला नाही, पण तो टाळणे मला जमणार नाही. इटालियनमध्ये ब्रुस्केत्ता स्त्रीलिंगी आहे आणि त्याचे अनेकवचन ‘ब्रुस्केत्ते’ होते. मराठीत आकारान्त परका शब्द आला की आपण तो सहसा पुल्लिंगी धरतो आणि पेढा-पेढे या चालीवर त्याचे अनेकवचन करतो. म्हणजे ज्याला इटालियनचा गंधही नाही असा मराठी माणूस ‘चार ब्रुस्केत्ते द्या’ म्हणेल, आणि लिंग चुकूनही त्याचे रूप इटालियन व्याकरणाला धरून असेल. ‘दोन पिझ्झे मागव’ हे आपण वर्षानुवर्षे बोलतो, तेही इटालियनमध्ये ‘पित्से’च आहे. सामान्यरूपही अडत नाही: पेढ्याला, तसे ब्रुस्केत्त्याला. त्यामुळे इंग्रजीतला ‘स’ जोडून ‘ब्रुशेटाज्’ करण्याचे आपल्याला काही कारण नाही. क्रोस्तीनी मात्र मुळातच अनेकवचन आहे, तेव्हा ‘एक क्रोस्तीनी’ म्हणणे हे ‘एक पेढे’ म्हणण्यासारखे आहे. सँडविचच्या दुकानातल्या ‘एक पानिनी’ची तीच गत, कारण एकवचन पानिनो. आपल्या पाणिनीशी त्याचा काही संबंध नाही, पण चूक नेमकी व्याकरणाची व्हावी हे मौजेचे आहे.

‘टोस्ट’ म्हणण्याने काय बिघडते? मराठी घरात टोस्ट म्हटले की बेकरीतला, दोनदा भाजलेला, चहात बुडवायचा कडक टोस्ट डोळ्यांसमोर येतो. त्याला इटलीत ‘फेत्ते बिस्कोत्ताते’ म्हणतात, म्हणजे दोनदा भाजलेले काप; आपले ‘बिस्कीट’ही याच ‘दोनदा भाजलेले’ या अर्थाचे. उलट इटलीतल्या कॉफीच्या दुकानात ‘तोस्त’ मागितला तर हॅम आणि चीज घालून दाबून भाजलेले सँडविच पुढे येते. म्हणजे इंग्रजीतला एकच शब्द दोन्ही समाजांनी उचलला आणि आपापल्या सोयीने दुसऱ्याच पदार्थाला चिकटवला. पाहुण्यांना ‘आधी टोस्ट घ्या’ म्हटलेत तर ते चहाची वाट पाहत बसण्याचा धोका आहे. जाता जाता एवढेच सांगतो की टोस्ट या शब्दाचे लॅटिन मूळ कोरडे करणे, करपवणे या अर्थाचे आहे, संस्कृतातली तृष्णा त्याच कुळातली आहे, आणि तृष्णेचीच प्राकृतातून आलेली मराठी लेक म्हणजे आपली तहान.

मराठी प्रतिशब्दच हवा असेल तर ‘भाजका पाव’ हा मला पटतो. भाजके दाणे, भाजके पोहे हे प्रयोग रूढ आहेत, आणि ‘पाव’ हा शब्द तर पोर्तुगीज ‘पांव’मार्गे त्याच लॅटिन ‘पानिस’पासून आला आहे ज्यापासून इटालियन ‘पाने’ आला. तो पायांनी तुडवतात म्हणून पाव, ही व्युत्पत्ती अजून काही घरांत ऐकू येते. ती ऐकून हसावे आणि सोडून द्यावी. रोजच्या बोलण्यात मी स्वतः ब्रुस्केत्ताच म्हणतो.

नावाचा अर्थ एकदा कळला की कृतीही त्यातूनच कळते: जीव भाजण्यात आहे. लादीपाव यासाठी फार मऊ पडतो. मुंबई-पुण्यात इराण्याकडचा ब्रून किंवा गोव्यात पोदेराकडचा कडक उंडो अधिक जवळचा. आदल्या दिवशीचा असेल तर उत्तम. बोटाच्या पेराएवढ्या रुंदीचे काप काढून ते पापड भाजायच्या जाळीवर मंद आचेवर दोन्ही बाजूंनी असे भाजावेत की कडा तांबूस व्हाव्यात, एखाददुसरा काळा ठिपका यावा आणि पोटात थोडा मऊपणा राहावा. मग सोललेली लसणाची पाकळी गरम कापावर दोनदाच फिरवावी. भाजलेला पृष्ठभाग किसणीसारखा खरखरीत झालेला असतो, त्यामुळे पाकळी बघता बघता झिजते आणि वास वर येतो. तीनचार वेळा घासली तर पुढचे सगळे जेवण लसणाचे लागते. टोमॅटो बिया काढून बारीक चिरावेत, मीठ लावून दहा-पंधरा मिनिटे चाळणीत निथळत ठेवावेत आणि मग त्यांत ऑलिव्हचे तेल घालावे. वर बेझिलची पाने हाताने तोडून टाकावीत. कोणी सांगेल की त्याऐवजी आपली तुळस चालते, तर ते ऐकू नये, कारण चव फारच उग्र होते. फालुद्यात आपण ज्याचे बी घालतो तो सब्जा हाच खरा बेझिल, तेव्हा कुंडीत सब्जा असेल तर त्याची पाने निःशंक वापरावीत.

माझ्या हातून पहिल्या खेपेस झालेली चूक आपल्याकडून होऊ नये म्हणून सांगतो. पाहुणे आठला येणार म्हणून मी सातलाच सगळे काप रचून, टोमॅटो घालून, ताट सजवून झाकून ठेवले. आठ वाजता ताट उघडले तेव्हा त्याची अवस्था सकाळी कालवून संध्याकाळी वाढलेल्या भेळेसारखी झाली होती, आणि एका काकूंनी ‘छान मऊ आहे हो’ अशी दाद दिली तीही मला निमूट ऐकून घ्यावी लागली. तेव्हापासून टोमॅटो वाडग्यात तयार ठेवतो, पाव मात्र माणसे येऊन टेकल्यावरच भाजतो. दहा-बारा जणांसाठी माणशी दोन ब्रुस्केत्ते पुरतात. क्रोस्तीनी करणार असाल तर चार धरावेत, आणि काही काप न भाजता बाजूला ठेवावेत, कारण जावई तिसरा मागतीलच.