नऊ महिन्यांत फर्म बदलू का?

इंजिनिअरिंग संपवून ती थेट मुंबईतल्या एका नामवंत मॅनेजमेंट कन्सल्टिंग फर्ममध्ये, म्हणजे दुसऱ्या कंपन्यांना व्यवसायाचा सल्ला देणाऱ्या कंपनीत, लागली होती. नवव्या महिन्यात त्याच तोडीच्या दुसऱ्या फर्मच्या रिक्रूटरचा मेसेज आला. "ताई, इतक्या लवकर बदललं तर सीव्हीवर डाग पडतो का?" हा तिचा प्रश्न. याच उंबरठ्यावरची बरीच मुलं हेच विचारतात.

डाग पडत नाही. एक बदल कुणीही समजून घेतं. नुकसान होतं ते दुसरीकडे.

तिला सगळ्या तक्रारी कागदावर लिहायला सांगितल्या: सोमवार ते गुरुवार क्लायंटच्या (सल्ला घेणाऱ्या कंपनीच्या) प्लांटवर मुक्काम, रात्री एकला स्लाइड बदलायला लावणारा मॅनेजर, फीडबॅक नाही, हेल्थकेअरचं काम मिळत नाही, अशा. मग प्रत्येकीपुढे लिहायचं, ही कशाने सुटेल: मॅनेजर बदलून, प्रोजेक्ट बदलून, ऑफिस बदलून, की फर्मच बदलून? बहुतेक तक्रारी पहिल्या दोन खान्यांत गेल्या. प्रवास तर तिकडेही चुकणार नव्हता.

या धंद्यात पुढचं काम ओळखीवर मिळतं. पहिल्या दोन-तीन प्रोजेक्टवर ज्यांनी तुमचं काम पाहिलं, ते मॅनेजर पुढच्या वेळी तुम्हाला मागून घेतात. फर्म बदलली की ही पुंजी शून्यावर येते, आणि नव्या जागी उरलेसुरले प्रोजेक्ट वाट्याला येण्याची शक्यता वाढते. म्हणजे ज्या त्रासातून पळालो, तोच पुन्हा. दोनेक वर्षांनी एमबीएला अर्ज करायचा असेल तर शिफारसपत्र लिहायला तुम्हाला नीट ओळखणारा वरिष्ठ लागतो. नऊ महिने इथे आणि वर्षभर तिथे काढलेल्यांची नेमकी तिथे अडचण होते.

पदनामाकडेही नीट बघा. मॅकिन्झी आणि बीसीजी या दोन मोठ्या कन्सल्टिंग फर्म. मॅकिन्झीत असोसिएट हे एमबीएनंतरचं पद, तर बीसीजीत असोसिएट म्हणजे एमबीएआधीचा. बीसीजीत एमबीएनंतरचा तो कन्सल्टंट. त्यामुळे 'आम्ही असोसिएट म्हणून घेतो' एवढ्यावर हुरळू नये. आधीच्या नोकरीतले किती महिने अनुभवात धरणार आणि बढतीचा पहिला आढावा कोणत्या महिन्यात, हे ईमेलवर लेखी मागावं.

पैशांचा हिशेब तर आधीच करावा. जॉइनिंग बोनस ठरावीक मुदतीआत, बहुधा वर्षाच्या आत, सोडल्यास परत करण्याची अट ऑफर लेटरमध्ये असते. 3 लाखांचा बोनस 30 टक्क्यांच्या टप्प्यात सेससह कर कापून हातात 2,06,400 रुपये आलेला असतो. वसुली मात्र पूर्ण 3 लाखांची मागितली जाऊ शकते. नोटिशीचा काळ, वार्षिक बोनस कोणत्या तारखेला नोकरीत असणाऱ्यांना मिळतो, हेही त्याच पत्रात बघा. आर्थिक वर्षाच्या मध्यात गेलात तर जुन्या पगाराचा आणि कापलेल्या कराचा तपशील नव्या कंपनीला द्या. नाहीतर विवरणपत्र भरताना मोठी रक्कम अंगावर येते.

आणि क्लायंटची एकही स्लाइड किंवा एक्सेल मॉडेल स्वतःच्या ईमेलवर पाठवू नका, मुलाखतीत क्लायंटचं नावही घेऊ नका. राजीनाम्यानंतर डाउनलोडची नोंद तपासली जाते, आणि एवढ्यावरून करिअर खरोखर अडकू शकतं.

बदल योग्य ठरतो तो वेगळ्या कारणांसाठी: हवं असलेलं क्षेत्र आपल्या ऑफिसात जवळपास नाहीच, घरच्यांसाठी ज्या शहरात जायचं तिथे फर्मचं ऑफिस नाही, किंवा आढाव्यात पुढची वाट बंद असल्याचं स्पष्ट सांगितलं आहे.

तिच्या कागदावर शेवटी हेल्थकेअरची एकच ओळ उरली. स्टाफिंग, म्हणजे कुणाला कोणता प्रोजेक्ट द्यायचा ते, पाहणाऱ्या व्यक्तीकडे आणि हेल्थकेअरच्या एका पार्टनरकडे (फर्ममधल्या सर्वात वरिष्ठांपैकी एकाकडे) तिने त्याच आठवड्यात वेळ मागितली. सध्याचा प्रोजेक्ट संपण्याच्या चार आठवडे आधी, कारण नंतर नावं ठरून जातात. रिक्रूटरला तिने नाही म्हटलं नाही. वार्षिक आढाव्यानंतर बोलू, एवढंच कळवलं. तोवर हेल्थकेअरचं काम मिळालं नाही तर मात्र तिने मुलाखतीला जावं, असंच आमचं मत आहे.