जुन्या गाडीचा एसी आणि कोकणातली खारी हवा : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : काका नमस्कार, मी देवगडचा. बाबांची कॉन्टेसा क्लासिक, इसुझूचं १.८ लिटर पेट्रोल इंजिनवाली, परत उभी करतोय. पत्रा, रंग, इंजिन सगळं झालं, राहिला तो एसी. मधल्या काळात त्याच्या वायरी कोणीतरी कापून टाकल्या होत्या. इथल्या एका वायरमनने इग्निशन स्विचवरून डायरेक्ट पॉवर घेऊन चालू करून दिला, पण हेडलाइट मंद होतात, चावीचा भाग चटका बसेल इतका तापतो आणि कॉम्प्रेसर मधेच सुटतो. अख्खं हार्नेस (गाडीच्या वायरींचा जुडगा) बदलू का?

उत्तर : आधी ती इग्निशनवरची वायर काढा, आजच काढा, गाडीला आग लागते ती अशाच ठिकाणाहून. हार्नेसचं नंतर बघू.

ब्लोअर, म्हणजे गाडीत थंड हवा फेकणारा पंखा, फुल स्पीडला १२ ते १५ अँपिअर खातो, पुढच्या कंडेन्सरच्या जाळीचा फॅन ८-१०, कॉम्प्रेसरच्या क्लचची (कॉम्प्रेसरला इंजिनच्या पट्ट्याशी जोडणारा-सोडणारा चुंबक) कॉइल ३-४, म्हणजे २५ च्या आसपास झाले आणि हे सगळं तुम्ही त्या जुन्या स्विचच्या झिजलेल्या कॉन्टॅक्टमधून ओढताय. कॉन्टेसा बंगालमधल्या उत्तरपाड्याला १९८४ पासून २००२ पर्यंत बनली, म्हणजे अगदी शेवटच्या गाडीची वायरसुद्धा आज वीस वर्षांच्या वर जुनी आहे. कॉन्टॅक्ट तापतो, व्होल्टेज पडतं, मग क्लचचं मॅग्नेट प्लेटला नीट धरत नाही, प्लेट घसरते आणि जळते. कॉम्प्रेसर मधेच सुटतोय तो बहुतेक यामुळेच, त्यामुळे लगेच नवीन कॉम्प्रेसर घ्यायला धावू नका.

जुन्या स्विचने फक्त हुकूम द्यायचा, ओझं रिलेने (थोड्याशा करंटवर मोठा करंट चालू-बंद करणारा स्विच) उचलायचं. बॅटरीच्या प्लसवरून ४ स्क्वेअर एमएमची वायर घ्या, बॅटरीपासून वीतभर अंतराच्या आतच तिला मेन फ्यूज लावा (फ्यूजच्या आधीची वायर कुठे घासली तर तिला वाचवणारं काहीच नसतं), तिथून तीन रिले, ब्लोअर, फॅन आणि क्लच असे वेगवेगळे, प्रत्येकाला आपापला फ्यूज. रिलेच्या ३० नंबरला ही पॉवर, ८७ वरून लोडकडे, ८५ अर्थला आणि ८६ ला स्विचवरून येणारी बारीक वायर. या बारीक वायरीत अर्धा अँपिअरसुद्धा जात नाही, त्यामुळे चावी थंड राहते.

क्लचच्या रिलेचं ८६ मात्र सरळ एसीच्या बटणाला जोडू नका. ब्लोअरच्या स्विचमधून थर्मोस्टॅट, थर्मोस्टॅटमधून ड्रायरवरचा (गॅसमधला ओलावा शोषणारी बाटली) प्रेशर स्विच आणि मग ८६, अशी एका ओळीत साखळी करा. ब्लोअर बंद असताना कॉम्प्रेसर चालला तर कूलिंग कॉइलवर बर्फ धरतो, आपल्या दमट हवेत तर फारच पटकन. प्रेशर स्विच शॉर्ट करून देणारे बरेच भेटतील, ऐकू नका. गॅस गळून गेला की त्याच्याबरोबर फिरणारं तेल कॉम्प्रेसरपर्यंत पोचत नाही आणि तो जाम होतो, तो स्विच नेमका हेच थांबवायला दिलेला असतो.

आता अर्थिंग. देवगड असो की हर्णे, किनाऱ्यावरच्या गाडीत एसीच्या निम्म्या तक्रारी इथेच संपतात असं माझं ठाम मत आहे. ज्या क्लचला एकच वायर येते त्याचं मायनस कॉम्प्रेसरच्या बॉडीतून, ब्रॅकेटमधून, इंजिनमधून परत जातं आणि तुम्ही आत्ताच सगळं रंगवून घेतलंय. रंगावर बोल्ट आवळला तर करंट जाणार कुठून! थिंबल (वायरीच्या टोकाची धातूची कडी) बसेल तेवढी जागा खरवडून पत्रा उघडा करा, दातेरी वॉशर घाला, आवळा आणि वरून ग्रीस किंवा पेट्रोलियम जेली फासा. इंजिन ते बॉडी आणि बॉडी ते बॅटरी दोन्ही पट्ट्या नव्या टाका. मग एसी फुल चालू ठेवून मल्टिमीटरचं एक टोक बॅटरीच्या मायनसला आणि दुसरं कॉम्प्रेसरच्या बॉडीला लावा, ०.२ व्होल्टच्या आत दिसलं तर झालं, अर्धा व्होल्ट दिसला तर परत खरवडायला लागा.

वायर घेताना घरगुती फिटिंगची जाड एकेरी तारेची नको, हादऱ्याने तुटते. बोटींसाठी टिनचा मुलामा दिलेली बारीक तारांची वायर येते ती महाग पडते पण इथे तीच टिकते, साध्या तांब्याला खारी हवा लागली की आतल्या आत काळं-हिरवं होत जातं आणि वरून कळतही नाही. सांधे क्रिंप करून (धातूच्या नळीत दाबून) वर हीट श्रिंक स्लीव्ह, म्हणजे गरम केल्यावर आवळणारी नळी, चिकटपट्टी नको, पहिल्या पावसाळ्यात सुटते.

प्रश्न : एसी कट होताना रेडिओत टक आवाज येतो आणि नवीन इलेक्ट्रॉनिक थर्मोस्टॅट जळाला. (वेंगुर्ला)

उत्तर : कॉम्प्रेसरच्या क्लचच्या कॉइलला डायोड (करंट एकाच दिशेने जाऊ देणारा भाग) नाहीये. कॉइलचा करंट तुटला की उलटा जोराचा झटका येतो, तो समोरचं इलेक्ट्रॉनिक्स मारतो. १एन४००७ हा काही रुपयांचा डायोड कॉइलच्या दोन टोकांना समांतर लावा, पट्टीचं टोक प्लसकडे. उलटा लावलात तर फ्यूज जाईल.

प्रश्न : पद्मिनीला बाहेरून एसी बसवलाय. पावसात रात्री कशेडी घाटातून येताना बॅटरी उतरते. अल्टरनेटर चेक केला, चांगला आहे. (चिपळूण)

उत्तर : चांगला असेल, पण अपुरा आहे. एसीचे २५, हेडलाइटचे ९-१०, वायपरचे ४-५, इग्निशनचे ४ असे धरले तर ४५ च्या जवळ जातं आणि जुने अल्टरनेटर तेवढेच किंवा त्याहून कमी देतात, तेही इंजिन फिरत असताना. ट्रॅफिकमागे आयडलवर आलात की निम्मंही मिळत नाही. ६५ अँपिअर किंवा वरचा बसवा आणि अल्टरनेटर ते बॅटरी वायरही जाड करा, नाहीतर ती तापेल. तोवर पावसात रात्री ब्लोअर दोनवर ठेवा.

प्रश्न : गाडी पावसाळाभर मांगरात उभी असते, उंदीर वायरी कुरतडतात. (राजापूर)

उत्तर : वायरी कॉरुगेटेड पाइपात घाला, जवळ गवत, पेंढा, भाताची पोती ठेवू नका, बॉनेट अधूनमधून उघडून घरटं झालंय का बघा. उभ्या गाडीच्या बॅटरीचं मायनस काढलेलं असू दे. आणि दोन आठवड्यांनी एकदा मायनस जोडून, गाडी बाहेर काढून दहा मिनिटं एसी चालवा, कॉम्प्रेसरच्या पुढच्या सीलला तेल लागलं नाही तर ते सुकतं आणि गणपतीला गाडी काढाल तेव्हा गॅस गेलेला असेल.