न भिता हात धरा

प्रश्न : माझे थोरले दीर एकसष्टाव्या वर्षी गेले. आधी द्राक्षांच्या पेट्यांचा हिशेब चुकायला लागला. मग चालताना तोल जायचा, बसल्या जागी हातपाय दचकल्यासारखे उडायचे. मिरजेला नेलं, एमआरआय झाला, पाठीतलं पाणी काढून तपासलं. 'सीजेडी' असं निदान झालं आणि चार महिन्यांत सगळं संपलं. भावकीत कुणीतरी मोबाइलवर वाचून उठवलं, की हा गायी वेड्या होतात तो रोग आणि तो लागतो. अंत्यविधीला माणसं लांब उभी राहिली. अंघोळ घालायला माझे यजमान आणि पुतण्या, दोघंच. जाऊबाईंचा कप अजून वेगळा ठेवतात. त्यांच्या मुलांना हा रोग होईल का? आम्हाला होईल का?
— एक वाचक, तासगाव

उत्तर : ताई, जाऊबाईंचा कप आजच इतर कपांमध्ये ठेवा. सीजेडी, म्हणजे क्रॉइट्सफेल्ड-याकोब आजार, शिवण्याने लागत नाही. उष्ट्याने, श्वासाने, एका अंथरुणात झोपल्याने लागत नाही. दर वर्षी दहा लाख माणसांमागे एखाददुसऱ्याला तो होतो. अनेक देशांत गेली कित्येक दशकं त्याच्या बारकाईने नोंदी होतात, आणि नुसत्या शुश्रूषेमुळे बायकोला किंवा मुलाला तो झाला असं त्यात आढळलेलं नाही. तुमच्या यजमानांनी आणि पुतण्याने भावाला, बापाला अंघोळ घातली ते योग्य केलं. बाकीच्यांनीही हात लावला असता तरी चाललं असतं. दहनात, अस्थी वेचण्यात कसलाही धोका नाही.

मी पॅथॉलॉजीची डॉक्टर. मेंदूचे काप काचेवर बघण्यात माझी नोकरी गेली. सीजेडीचा मेंदू सूक्ष्मदर्शकाखाली ठेवला की पेशींच्या जाळ्यात बारीक बारीक पोकळ्या दिसतात, पण सूज नसते. कुठलाही जंतुसंसर्ग झाला की शरीराच्या पांढऱ्या पेशी तिथे धावून येतात, इथे त्यांचा पत्ता नसतो. शरीराला काही परकं आत आलंय असं वाटतच नाही, कारण जे बिघडलंय ते त्याचं स्वतःचंच प्रथिन असतं. म्हणून ताप येत नाही, नेहमीच्या रक्ततपासण्या बऱ्याचदा ठीक येतात आणि घरचे बुचकळ्यात पडतात.

काळजी घ्यायची ती आम्ही, शवविच्छेदन करणाऱ्यांनी आणि मेंदूची शस्त्रक्रिया करणाऱ्यांनी. १९७७ मध्ये झुरिचच्या डॉक्टरांनी प्रसिद्ध केलं, की एका सीजेडी रुग्णाच्या मेंदूत घातलेले विजेचे बारीक इलेक्ट्रोड अल्कोहोल आणि फॉर्माल्डिहाइडने साफ करून दोन तरुण रुग्णांना वापरले गेले आणि दोघांनाही सीजेडी झाला. बाकीचे जंतू मारणारं १२१ अंशांचं नेहमीचं ऑटोक्लेव्ह, म्हणजे दाबाखालच्या वाफेने हत्यारं निर्जंतुक करणारं यंत्र, इथे पुरत नाही. १३४ अंशांवर अठरा मिनिटं किंवा तीव्र कॉस्टिक सोडा लागतो. पण तो धोका थेट मेंदूत शिरणाऱ्या हत्याराचा आहे. चहाच्या कपाचा त्याच्याशी काही संबंध नाही.

आता गायींचं. ब्रिटनमध्ये १९८६ मध्ये गायींचा हा रोग प्रथम ओळखला गेला. मेलेल्या जनावरांच्या मांस-हाडांची भुकटी खुराकात घालून ती गायींनाच चारली जात होती, आणि त्यातूनच रोग कळपाकळपांत गेला. १,८०,०००हून जास्त गायींना तो झाल्याची नोंद आहे. अशा जनावरांचं मांस खाल्ल्याने माणसांत जो आजार आला तो सीजेडीचा वेगळा प्रकार, 'व्हेरियंट सीजेडी'. त्याने ब्रिटनमध्ये १७८ माणसं गेली, बहुतेक तरुण, आणि त्यांचं दुखणं वर्षभराहून जास्त रेंगाळे. साठीतला माणूस, चार महिन्यांचा आजार, उडणारे हातपाय, हे चित्र त्या प्रकाराचं नाही. ते आपोआप उद्भवणाऱ्या सीजेडीचं आहे आणि शंभरातले साधारण पंच्याऐंशी रुग्ण याच प्रकारचे असतात. दिरांनी काय खाल्लं, कुठे गेले, काय पाप केलं, हे शोधत बसू नका. म्हातारपणाकडे झुकताना एखाद्या मेंदूत एक प्रथिन चुकीचं दुमडतं आणि तिथून पुढे थांबत नाही. कुणाच्याही हातून काही घडलेलं नसतं. भारतात, बेंगळुरूच्या निम्हान्स या मेंदूच्या आणि मनाच्या आजारांच्या संस्थेत, या आजाराच्या नोंदी पुष्कळ वर्षांपासून ठेवल्या जातात. तुमचं घर यात एकटं नाही.

राहिला मुलांचा प्रश्न, आणि तो रास्त आहे. या आजारात जे प्रथिन चुकीचं दुमडतं त्याला प्रिऑन प्रथिन म्हणतात; शंभरातल्या दहा-पंधरा रुग्णांमध्ये त्याच्या जीनमध्येच दोष असतो. तसं असेल तर प्रत्येक मुलामुलीला तो मिळण्याची शक्यता निम्मी. दिरांच्या आई-वडिलांत, मावश्या-काका-आत्यांत कुणी असं झपाट्याने बुद्धी जाऊन, झोप उडून किंवा तोल जाऊन वारलं होतं का, हे घरातल्या जाणत्यांना विचारा. रुग्णालयात दिरांच्या रक्ताचा नमुना राखून ठेवला असेल तर त्यावर जीनची तपासणी होऊ शकते. तिच्यात दोष निघाला नाही, तर मुलांची चिंता मिटली. निघाला, तर मोठ्या झालेल्या मुलांनी स्वतः ठरवावं, आधी समुपदेशकाशी बोलून. लहानांची तपासणी करू नये.

अमेरिकेतल्या सोनिया वल्लभ यांच्यावर हीच वेळ आली होती. त्यांची आई २०१० मध्ये अशाच आनुवंशिक आजाराने गेली. पुढच्या वर्षी त्यांनी स्वतःची तपासणी करून घेतली आणि तोच दोष निघाला. त्या वकील होत्या, नवरा एरिक मिनिकेल शहर वाहतुकीच्या नियोजनातला. दोघांनी आपापलं काम सोडलं, जीवशास्त्र शिकले, पीएचडी केल्या आणि आज बॉस्टनजवळच्या ब्रॉड इन्स्टिट्यूटमध्ये या आजारावर प्रयोगशाळा चालवतात. त्यांचा विचार सरळ आहे : बिघडलेलं प्रथिन दुरुस्त करता येत नसेल, तर मुळात ते प्रथिनच शरीराला कमी बनवू द्यायचं. ते कमी केलेले उंदीर हा रोग टोचल्यावर जास्त जगतात. अशा एका औषधाच्या माणसांवरच्या चाचण्याही सुरू झाल्या आहेत. आज हातात इलाज नाही हे खरं, पण तुमच्या पुतण्यांच्या पिढीपुढचं चित्र दिरांच्या वेळेसारखंच राहील असं मी मानत नाही.

प्रश्न : प्रथिनात डीएनए नसतो. मग ते 'वाढतं' कसं? हे सिद्ध झालंय की नुसतं अनुमान आहे?
— बी.एस्सी.चा विद्यार्थी, मडगाव

उत्तर : सिद्ध झालंय, आणि पुष्कळ वाद घालून झालंय. स्क्रेपी या मेंढ्यांच्या, सीजेडीच्याच जातीच्या रोगावर लंडनच्या हॅमरस्मिथ रुग्णालयात टिक्वा आल्पर काम करत होत्या. जंतूंचा डीएनए ज्या अतिनील किरणांनी मोडतो, ते टाकूनही स्क्रेपीची लागण करण्याची ताकद टिकून राहते, हे त्यांनी १९६७ मध्ये दाखवलं. त्याच वर्षी गणितज्ञ जे. एस. ग्रिफिथ यांनी, प्रथिन स्वतःच हे कसं करू शकेल, याची शक्यता कागदावर मांडली. सॅन फ्रान्सिस्कोच्या स्टॅन्ली प्रुसिनर यांनी दहा वर्षं खपून तो घटक वेगळा काढला आणि १९८२ मध्ये त्याला 'प्रिऑन' म्हटलं. त्यांच्यावर टीकेचा भडिमार झाला. १९९७ मध्ये त्यांना नोबेल मिळालं.

मला सर्वांत पटणारा पुरावा मात्र झुरिचच्या चार्ल्स वाइसमान यांच्या उंदरांचा. त्यांनी प्रिऑन प्रथिनाचा जीनच काढून टाकलेले उंदीर तयार केले आणि त्यांच्या मेंदूत स्क्रेपी टोचली. उंदीर आजारी पडले नाहीत. ज्याला बिघडवायचं ते प्रथिनच नसेल, तर रोग पुढे सरकत नाही. परका जंतू असता तर त्याला उंदराच्या या एका प्रथिनावाचून का अडावं?

घडतं ते असं. प्रथिनाची साखळी तीच, दुमडण वेगळी. साखरेच्या पाकात दोरा सोडला की त्यावर खडीसाखरेचे खडे धरतात, तसं बिघडलेल्या प्रथिनाच्या पुंजक्यावर चांगलं प्रथिन येऊन चिकटतं आणि त्याच आकाराचं होतं. पुंजका तुटला की तुकड्यागणिक नवी सुरुवात. नवी साखळी पेशीनेच बनवलेली असते, म्हणून डीएनएची गरज पडत नाही.

या वाढीला किती वेळ लागू शकतो, ते पापुआ न्यू गिनीत कळलं. तिथल्या फोरे लोकांत मेलेल्या आप्ताचा देह प्रेमाने खाण्याची रीत होती. मेंदू प्रामुख्याने बायका आणि मुलं खात, आणि कुरू हा प्रिऑनचाच आजारही प्रामुख्याने त्यांनाच होई. मानववंशशास्त्रज्ञ शर्ली लिंडेनबाउम आणि रॉबर्ट ग्लास यांनी १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला वस्त्यांवर राहून, नातीगोती लिहून काढून हा संबंध लावला. रीत तोवर थांबली होती, तरी पन्नास वर्षांनंतरही तुरळक रुग्ण सापडत राहिले. फोरे लोकांना कुणी रानटी म्हणू नये. ती त्यांची शोक करण्याची पद्धत होती.

प्रश्न : अल्झायमरमध्येही प्रथिनं चुकीची दुमडतात म्हणे. माझ्या आईला तो आहे. मला तिच्यापासून लागेल का?
— एक वाचक, डोंबिवली

उत्तर : नाही. अल्झायमरमधलं अमायलॉइड आणि टाऊ, पार्किन्सन्समधलं अल्फा-सिन्यूक्लिन ही प्रथिनं मेंदूच्या आत एका भागातून दुसऱ्या भागात बरीचशी अशाच रीतीने पसरतात, हे खरं. घाबरवणारी बातमी तुम्ही वाचली असेल ती २०२४ ची. ब्रिटनमध्ये १९८५ पर्यंत खुरट्या मुलांना मृतांच्या मेंदूखालच्या पिट्युटरी ग्रंथींपासून काढलेलं वाढीचं संप्रेरक टोचत असत. त्या मुलांपैकी काहींना पुढे सीजेडी झाला, आणि मोजक्या काहींना तरुण वयातच अल्झायमरसारखी लक्षणं दिसली, असं लंडनच्या जॉन कॉलिंज यांच्या गटाने मांडलं. ते संप्रेरक १९८५ मध्येच बंद झालं. आज ते प्रयोगशाळेत बनवतात. आईला भरवा, न्हाऊ घाला, तिचा हात धरून बसा. त्यातून तुम्हाला काहीही होणार नाही.