‘आम्ही अडाणी, हिला मोबाईलमधलं खरं-खोटं कोण शिकवणार?’

आठवीतल्या मुलीला घेऊन माझ्याकडे सल्ल्याला आलेल्या एका आईचा हा प्रश्न. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.) आई चार घरी पोळ्या करते, वडील टेम्पो चालवतात. घरात स्मार्टफोन एकच, वडिलांचा. तो रात्री साडेनऊला घरी येतो आणि मुलीच्या वाट्याला जेमतेम अर्धा तास येतो. एके रात्री वर्गाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर मेसेज आला: ‘विद्यार्थ्यांना मोफत लॅपटॉप, आज शेवटची तारीख.’ मुलीने नाव, शाळा, मोबाईल नंबर, आईचा आधार क्रमांक असं सगळं भरलं. शेवटी पाटी आली, ‘15 जणांना पाठवा, तरच अर्ज पूर्ण होईल.’ तिने तेही केलं. दोन दिवसांनी मेसेज खोटा निघाला. वर्गात हसं झालं, वडिलांनी फोन काढून घेतला आणि मुलगी शाळेत जाईना.

आधी तातडीचं पाहिलं. ओटीपी सांगितला होता का? पैसे गेले होते का? दोन्ही नाही. गेले असते तर आधी 1930 या सायबर हेल्पलाइनला फोन आणि लगेच बँकेला कळवणं, कारण पैसे पुढच्या खात्यांत सरकण्याआधीच ते अडवता येतात. आधारचं बायोमेट्रिक लॉक (बोटांच्या ठशांवरून होणारा वापर बंद ठेवणं) अधिकृत अ‍ॅपवरून करता येतं, ते तिथेच करून घेतलं.

मग मुलीला विचारलं, ‘तुला हे खरं का वाटलं गं?’ तिचं उत्तर साधं होतं: ‘शाळेच्या ग्रुपवर आलं होतं ना.’

त्या ग्रुपवर गृहपाठ येतो, सुट्टीची सूचना येते, परीक्षेचं वेळापत्रक येतं. तिच्यासाठी तो ग्रुप म्हणजे शाळाच. लॅपटॉपचा मेसेज कुणा पालकाने पुढे ढकललेला होता, पण पडद्यावर तो बाईंच्या सूचनेच्या खालीच, तशाच चौकटीत दिसत होता. वर ‘फॉरवर्डेड’ची बारीक खूण होती. ती खूण म्हणजे पाठवणाऱ्याने हे स्वतः लिहिलेलं नाही, एवढं तिला कुणी सांगितलेलं नव्हतं. शिवाय वर्गात ‘कशावरून?’ असं विचारणं आपल्याकडे अजून उद्धटपणा ठरतो. छापलेलं ते खरं मानायचं आणि तसंच उत्तर लिहायचं, ही आठ वर्षांची सवय एका रात्रीत मोबाईलपुरती बदलत नाही.

आणखी एक गोष्ट शिकलेल्या लोकांच्या लक्षात येत नाही. या घराला खऱ्या योजनाही फोनवरूनच कळतात. 2024 मध्ये लाडकी बहीण योजना आली, महिन्याला 1500 रुपयांची. पुढे तिच्या ई-केवायसीची मुदत आली, तीही अशीच मेसेजवरून कळली. तारीख हुकली तर घराचं खरं नुकसान होतं. म्हणून ‘आधी भरून टाकू, मग बघू’ असा हिशेब होतो. त्याला मूर्खपणा म्हणणं अन्यायाचं आहे. फसवणारे नेमका हाच हिशेब ओळखून ‘आज शेवटची तारीख’ लिहितात.

शिक्षणाने हे आपोआप सुटतं असंही नाही. स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या संशोधकांनी 2017 मध्ये 10 इतिहास-अभ्यासक, 25 विद्यार्थी आणि 10 व्यावसायिक तथ्यतपासनीस यांना संकेतस्थळं पडताळायला दिली. पीएचडी झालेले अभ्यासकही देखण्या पानांना भुलले. तपासनीस मात्र पानावर रेंगाळलेच नाहीत. त्यांनी नवी खिडकी उघडून त्या संस्थेबद्दल इतर काय म्हणतात ते आधी पाहिलं. फरक पदवीचा नव्हता, सवयीचा होता.

आईला विचारलं, ‘ताई, टोमॅटो कसे घेता?’ ‘वरचे बघून नाही घेत, हात घालून खालचे काढते. आणि त्याचा भाव दुसऱ्या गाडीवर विचारते.’ तपासनिसांनी तेच केलं होतं. हे सांगितल्यावर त्या पहिल्यांदा खुर्चीत टेकून बसल्या.

तिथून एक वही ठरली. आठवड्याला तीनच मेसेज, रात्री दहा मिनिटं, आई आणि मुलगी मिळून. तीन रकाने: काय म्हटलंय, मूळ कुणी सांगितलंय, दुसरीकडे कुठे सापडलं. मधला रकाना सगळ्यांत अवघड जातो, कारण मुलं तिथे ‘काकांनी’ लिहितात. काकांनी पाठवलं, सांगितलं कुणी? नाव, खातं, तारीख मिळाली नाही तर रकाना रिकामा ठेवायचा. रिकामा रकाना दिसला की मेसेज पुढे जात नाही. तीनपैकी एक मेसेज खरा निघेल असा मुद्दाम निवडायचा, नाहीतर मूल ‘सगळंच खोटं असतं’ इथे येऊन थांबतं.

ज्या 15 जणींना मेसेज गेला होता त्यांना मुलीने स्वतः लिहिलं: ‘मी पाठवलेला लॅपटॉपचा फॉर्म खोटा आहे, भरू नका.’ जुनी लिंक पुन्हा जोडली नाही, कारण घाईत लोक तीच उघडतात. वर्गशिक्षिकांनी सूचनांचा ग्रुप ‘फक्त अ‍ॅडमिन’ असा केला, गप्पांना दुसरा.

याच वहीत ‘मुलं पळवणारी टोळी आली आहे’ हा मेसेजही आला. त्यावर जास्त वेळ दिला. 1 जुलै 2018 रोजी धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात अशाच अफवेतून भिक्षा मागायला आलेल्या नाथपंथी डवरी गोसावी या भटक्या समाजाच्या पाच जणांना जमावाने ठार मारलं. त्या वर्षी देशभर फिरणारा अपहरणाचा एक व्हिडिओ मूळ कराचीतल्या जनजागृतीचा होता, शेवटचा खुलासा कापून पसरवलेला. अफवेवर कोण विश्वास ठेवतो हे सामाजिक परिस्थितीवर अवलंबून असतं, आणि ती कुणाच्या जिवावर उठते हेही. पालावर राहणाऱ्याची बाजू सांगणारं त्या ग्रुपवर कुणीच नसतं.

तिसऱ्या आठवड्यात वडीलच अडले. एनएमएमएस या शिष्यवृत्ती परीक्षेचा मेसेज आला होता, त्यांनी ‘परत तेच’ म्हणून पुसला. मुलीने तो मैत्रिणीकडून मागवून वहीत उतरवला. पत्ता पाहिला तर शेवटी ‘जीओव्ही डॉट इन’ नव्हतं. पत्ता असा संपला तर स्थळ सरकारी, हे खरं. उलट खरं नाही: ही परीक्षा घेणाऱ्या पुण्याच्या राज्य परीक्षा परिषदेचं अधिकृत संकेतस्थळ नुसत्या ‘डॉट इन’वर आहे. अशा वेळी पडद्यावर शोधत बसू नये, माणूस गाठावा. या परीक्षेचा अर्ज शाळेमार्फतच भरला जातो, तेव्हा मुख्याध्यापकांना विचारलं की दोन मिनिटांत उलगडा. आठवीत परीक्षा, कुटुंबाचं उत्पन्न साडेतीन लाखांच्या आत, निवड झाली तर नववी ते बारावी वर्षाला 12,000 रुपये.

मुलगी दुसऱ्या दिवशी शाळेत गेली आणि स्वतः विचारून आली. मेसेज खरा होता. मधल्या रकान्यात तिने लिहिलं: ‘हेडसर, समोर विचारलं.’