"मी नसलो की लाइन थांबते"

"सेटर होतो तेव्हा बरं होतं. घरी आलो की आलो. आता मॅनेजर झालोय, पगार वाढला, पण एका जेवणात तीनदा उठतो. माझ्यावाचून कुणाचं पान हलत नाही. बायको म्हणते, तुम्ही घरी असून नसल्यासारखे. मला माणसं सांभाळता येत नाहीत का?"

समुपदेशनासाठी आलेले हे गृहस्थ चाकणच्या एका मशीन शॉपमधले, आधी सेटर, म्हणजे यंत्रावर हत्यारं आणि मापं लावून देणारे. वय ४१, तीन शिफ्ट मिळून हाताखाली ३४ माणसं, बढतीला दीड वर्ष झालेलं. (एकाहून अधिक जणांचे तपशील एकत्र करून, ओळख लागू नये असे बदलले आहेत.) उत्तम कारागिराला साहेब केलं की ही तक्रार हमखास येते.

पहिल्या भेटीत माणसं सांभाळण्याचा विषय काढलाच नाही. आधी झोप, रक्तदाब, दारू आणि छातीतली धडधड यांची चौकशी. दोन आठवड्यांहून जास्त झोप उडाली असेल, सगळं नकोसं वाटत असेल, तर वेळापत्रकाचे सल्ले बाजूला ठेवून डॉक्टर गाठावा लागतो. सरकारच्या मानसिक आरोग्याच्या टेली-मानस सेवेच्या १४४१६ या क्रमांकावर मराठीतही बोलता येतं. यांना तशी गरज नव्हती. मग त्यांच्या हाती एक शंभरपानी वही दिली.

वहीत चार रकाने: किती वाजता, कोण, काय विचारलं, मी काय सांगितलं. घरी आलेला प्रत्येक फोन चौदा दिवस लिहायचा. दोन आठवड्यांनी वहीत ५७ फोन होते. मग पाचवा रकाना आखायला सांगितला: विचारणाऱ्याला उत्तर आधीच ठाऊक होतं का? त्यांनी स्वतःच ३१ ठिकाणी 'हो' लिहिलं. १५ फोन मेंटेनन्स, स्टोअर किंवा क्वालिटीकडे जायला हवे होते. त्यांच्यावाचून अडावं असे उरले ११.

त्यातली एक नोंद अशी: "रात्री ११:४०. इन्सर्टची धार गेली, बदलू का साहेब? — बदल." इन्सर्ट म्हणजे धातू कापणारा, बदलता येणारा पात्याचा तुकडा. हा सेटर बारा वर्षांचा अनुभवी. असा माणूस 'बदलू का' म्हणतो तेव्हा त्याचा प्रश्न इन्सर्टचा नसतो, उद्या सकाळच्या बोलणी खाण्याचा असतो. खोदून विचारल्यावर कळलं, की सहा महिन्यांपूर्वी एकाने न विचारता निर्णय घेतला, लॉट रिजेक्ट झाला आणि सकाळच्या मीटिंगमध्ये सगळ्यांदेखत त्याचा पंचनामा झाला. तेव्हापासून विचारून ठेवणं हा सगळ्यांचा विमा.

दुसऱ्या भेटीत त्यांना मनात येणारी वाक्यं जशीच्या तशी लिहायला लावली. "लाइन थांबताच कामा नये. चूक झाली तर ती माझीच. मलाच सगळं ठाऊक असायला हवं." अल्बर्ट एलिस यांनी १९५५ च्या सुमारास मांडलेली आणि मराठीत कि. मो. फडके यांनी रुजवलेली विवेकनिष्ठ उपचारपद्धती इच्छा आणि हट्ट यांत फरक करते. मराठीत तो हट्ट सापडायला सोपा, कारण तो बहुतेकदा 'च'मध्ये बसलेला असतो. लाइन थांबू नये, ही रास्त इच्छा. थांबताच कामा नये, इथे झोप उडते. 'च' खोडून वाक्य पुन्हा लिहायचं, रोज तीन, झोपण्याआधी. काही जण याला शब्दांचा खेळ म्हणतात. म्हणू द्यावं, वही भरली म्हणजे झालं.

या खोडाखोडीत पाचव्या दिवशी एक वाक्य उतरलं ज्यात 'च' नव्हता: "फोन आला नाही तर मी कशाला?" खरी गाठ इथे होती. मशीनवरचा हात सुटला, मॅनेजरकीचा अजून बसला नव्हता, आणि रात्रीचा फोन हाच आपण अजून कामाचे आहोत याचा रोजचा दाखला. फोन बंद व्हावेत असं त्यांना मनापासून वाटत होतं, आणि तो आला नाही की करमतही नव्हतं. हे कळल्याशिवाय कामं सोपवण्याचं तंत्र शिकवलं तर माणूस एका हाताने देतो आणि दुसऱ्याने काढून घेतो.

मग तक्ता केला. वारंवार विचारले जाणारे २२ निर्णय एका कागदावर, समोर तीनपैकी एक शेरा: 'विचारून कर', 'करून सांग', 'करून टाक'. इन्सर्ट बदलणं 'करून टाक'. ऑपरेटर इकडचा तिकडे हलवणं 'करून सांग', तेही सकाळच्या नोंदवहीत. मापात न बसणारा माल पुढे सोडणं 'विचारून कर', मग रात्रीचे तीन का वाजेनात. कागद तिन्ही शिफ्ट इनचार्जबरोबर बसून भरायचा, कारण घरून भरून आणलेला तक्ता हा आणखी एक हुकूम ठरतो.

इथे बहुतेक जण एक चूक करतात. कुठेतरी ऐकलेलं असतं, की उत्तर देऊ नका, 'तुला काय वाटतं?' विचारा. तेच वाक्य तोंडी परीक्षेच्या सुरात आलं की समोरचा आणखी दबतो. त्यापेक्षा सरळ सांगावं: "हे तक्त्यात तुझ्याकडे आहे. तू ठरव, मी तुझ्या मागे उभा आहे."

तिसऱ्या आठवड्यात व्हायचं ते झालं. रात्री इन्सर्ट बदलला, ऑफसेट (हत्यार किती सरकवायचं, त्याचं यंत्रात भरायचं माप) चुकला, पहिला नग न मोजता मशीन चालू केली आणि २६ नगांचा बाहेरचा व्यास कमी आला. कमी आलेला व्यास भरून निघत नाही, सगळे भंगारात. साहेबांना तक्ता फाडायचा होता. आम्ही म्हटलं, आधी त्या सेटरशी मशीनपाशी, एकट्याने बोला. तीनच प्रश्न: काय दिसलं, काय ठरवलंस, मोजायचं का राहिलं? तिसऱ्याचं उत्तर असं निघालं, की रात्री मायक्रोमीटर क्वालिटीच्या कपाटात कुलूपबंद असतो. दीड वर्षाच्या आरडाओरड्यात ही गोष्ट एकदाही बाहेर आली नव्हती. एक मायक्रोमीटर लाइनवर आला, तक्त्यात इन्सर्टपुढे 'पहिला नग मोजून, माप लिहून' एवढं वाढवलं. शेरा 'करून टाक' हाच राहिला.

घरच्या बाजूचा हिशेब वेगळा. आठवड्याचे १६८ तास: काम ६६, प्रवास ९, झोप ४२, अंघोळ-जेवणखाण साधारण १८. उरतात ३३. तरी 'वेळ नाही', कारण सगळ्यात मोठा अखंड तुकडा ५० मिनिटांचा. शिवाय चाकण-भोसरी पट्ट्यात कारखान्यांची सुट्टी गुरुवारी आणि मुलांची रविवारी. गुरुवारी सकाळी नऊ ते एक फोन शिफ्ट इनचार्जकडे वळवायचा आणि ते तास नवरा-बायकोचे. मुलांसाठी महिन्यातून एक रविवार बदली सुट्टी, आधी लिहून मंजूर केलेली. पहिल्या गुरुवारी त्यांनी दोनदा स्कूटर धुतली आणि साडेअकराला स्वतःच कारखान्यात फोन केला. असंच होतं. दोन-तीन गुरुवार ही रिकामी चुळबुळ सोसावी लागते.

आठवडाभर प्रत्येक तासापुढे अधिक किंवा उणे अशी खूणही करायला सांगितली होती. ठळक अधिक फक्त दोन: शेजाऱ्याचा पाण्याचा पंप दुरुस्त केला तो तास, आणि एका अप्रेंटिसला सेटिंग दाखवलं ती अर्धी पाळी. 'मी कशाला?' या प्रश्नाचं उत्तर त्यांच्याच वहीत निघालं. आता दर बुधवारी तीन ते पाच ते अप्रेंटिसांना सेटिंग शिकवतात, स्वतःच्या हाताने, कूलंटचा वास लागेपर्यंत.

चौथ्या महिन्यात रात्रीचे फोन आठवड्याला तीन-चारवर आले. अडले ते वरच्या साहेबांपाशी. ते रात्री साडेदहाला उत्पादनाचा आकडा विचारत. त्यासाठी एकच वाक्य पाठ करून घेतलं, तक्रारीचा सूर न लावता म्हणायचं: "सर, तिन्ही शिफ्टचा आकडा सकाळी सव्वाआठला तुमच्या फोनवर असेल, रात्री फक्त लाइन बंद पडली तर मी कळवतो." साहेबांनी ते मानलं, डिस्पॅचचे महिन्याचे शेवटचे तीन दिवस सोडून. त्या तीन दिवसांत घरी जेवण साडेनऊला उरकतात.